पुठ्ठ्यावरचे आठ बोल्ट

मिस्त्रीणबाई दुकानातून परत आली तेव्हा पुठ्ठा रिकामा होता.

मिस्त्रीणबाई हे नाव तिला सासूनं दिलेलं. आधी टोमणा म्हणून, मग सवयीनं, आणि आता बऱ्यापैकी कौतुकानं. ती घरी शिलाई मशीनं दुरुस्त करायची. मशीन समजलं तर पंखा का नाही, पंखा समजला तर मोटार का नाही, असं करत करत ती गाडीच्या इंजिनापर्यंत पोचली होती. शिकवलं कुणी नाही. मोडून शिकली, आणि जे मोडलं ते कुणाला दाखवलं नाही.

परवा गाडीखाली हिरव्या पाण्याचं तळं साचलेलं दिसलं. इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप गळत होता. गॅरेजवाल्यानं पुढच्या आठवड्याचा वायदा केला. वायदा करायला त्याचं काय जातंय. इथं आज संध्याकाळी सहाच्या आत सासूबाईंना डोळ्यांच्या हॉस्पिटलात दाखल करायचं होतं, सत्तर किलोमीटरवर. उद्या सकाळी ऑपरेशन. ही तारीख पाच महिने वाट बघून मिळालेली. डॉक्टर म्हणाले होते, "उजवा गेल्यात जमा आहे. डाव्याला उशीर करू नका." नवरा जहाजावर. भाड्याची गाडी मिळेना. बस दोनदा बदलावी लागते, आणि घरचा उंबरठासुद्धा पायानं चाचपणाऱ्या बाईला बसमध्ये कोण चढवणार? तेव्हा पंप तिनंच बदलायला घेतला.

काल जुना पंप काढताना तिनं पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढला, आठ भोकं पाडली आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथंच खोचला. दिसायला आठही भाऊ-भाऊ, पण लांबी वेगवेगळी. लांब बोल्ट उथळ भोकात गेला की तळाला टेकतो. आपल्याला वाटतं घट्ट बसला, पंप मात्र सैलच. आणखी जोर लावावा तर इंजिनाचं ॲल्युमिनियम तडकतं, मग पंपाचं दुखणं इंजिनावर. आखूड बोल्ट खोल भोकात गेला तर दोन-चार आट्यांवर लोंबकळतो आणि एक दिवस ते आटे घेऊनच बाहेर येतो. फोटो काढून ठेवावा असं मनात आलं होतं तिच्या. पण हात काळे होते, आणि पुठ्ठा आहेच की.

आठांतल्या एकाची मान गंजून बारीक झाली होती. तोच नमुना घेऊन ती सकाळी नटबोल्टच्या दुकानात गेली. दुकानदारानं एक चकचकीत बोल्ट पुढं केला.

"याच्या डोक्यावर आकडा नाही," ती म्हणाली.

"ताई, बोल्ट तो बोल्ट. आकड्यानं काय गाणं म्हणणार आहे?"

"दाराच्या कडीला हवा असता तर हाच घेतला असता. इंजिनाला ताकदीचा लागतो. हे बघा, जुन्यावर आकडा आहे. तोच द्या."

अर्धा तास चार खोकी उपसल्यावर तसा बोल्ट निघाला. मुठीत धरून ती घरी आली, स्वतःवर खूश होत. त्या खुशीचं आयुष्य दारापर्यंतच होतं.

"आई, इथले बोल्ट कुठं गेले?"

सासूबाई टेबलापाशी बसून हात पुसत होत्या. समोर बटणांचा कप्प्याकप्प्यांचा डबा. "लावून ठेवले. रॉकेलमध्ये घातले, ब्रशनं घासले, आणि लांबांत लांब, आखडांत आखूड. मेले केवढे चिकट झाले होते."

तिनं डब्यात वाकून बघितलं. सात बोल्ट, लांबीप्रमाणे कप्प्यांत.

सासूबाईंनी चौतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी लावायच्या, आणि छापून झालं की त्या मोडून प्रत्येक अक्षर आपापल्या घरात परत टाकायचं. जुळवलेलं काम तसंच पडून राहिलेलं त्यांना बघवायचं नाही. आणि आता तर बघणंच उरलं नव्हतं, पण सवय बोटांत होती. पंप निघाला, म्हणजे काम झालं. काम झालं, म्हणजे खिळे सोडायचे. पुठ्ठ्यावरची मांडणी त्यांनी तशीच सोडली होती.

"ते पुठ्ठ्यावर मुद्दाम खोचले होते, आई. कुठला कुठून निघाला ते कळावं म्हणून."

सासूबाईंचा पुसणारा हात थांबला. "मग आता?"

"आता काही नाही," ती म्हणाली, आणि डबा उचलून बाहेर गेली. साडेबारा वाजले होते. फार तर साडेतीनला निघायला हवं होतं.

बाहेर जाताना एक विचार तिच्या मनात आला आणि काटा रुतावा तसा रुतून बसला. गेले चार दिवस सासूबाईंना जेवण जात नव्हतं. काल दोनदा म्हणाल्या होत्या, "राहू दे गं, या वयात काय वाचायचंय मला." आणि आज नेमके बोल्ट?

तिनं नवा पंप गाडीशेजारी पोत्यावर आणून ठेवला. नव्या बोल्टची जागा पक्की होती, कारण गंजलेला वरच्या टोकाचा हे तिच्या डोक्यात होतं. राहिले सात. तिनं एकेक बोल्ट पंपाच्या भोकांत घालून बघायला सुरुवात केली. पंपाचा कान, म्हणजे भोकाभोवतीचा उंचवटा, जाड तिथं लांब बोल्ट, पातळ तिथं आखूड. मागच्या बाजूनं सगळ्यांची नाकं साधारण सारखीच बाहेर यायला हवीत. कुठं भलतंच लांब नाक आलं तर तो इथला नव्हे. पाच बोल्ट असे मुकाट्यानं आपापल्या घरी गेले. दीड वाजला.

उरले दोन. तळाच्या दोन कानांचे. कान सारखे जाड, बोल्ट मात्र सारखे नाहीत. एक दुसऱ्यापेक्षा नाण्याच्या जाडीएवढा, फार तर दोन नाण्यांच्या, लांब. इंजिनातलं एक भोक आरपार पाण्यात उघडत होतं, दुसरं आत बंद.

तिनं दारातून सासूबाईंची विणायची लोखंडी सुई मागितली.

"विणायला बसतेस?" सासूबाईंनी विचारलं. हसायचा प्रयत्न होता, जमला नाही.

सुई बंद भोकात गेली आणि थांबली. तिनं नखानं खूण धरली, बोल्टांशी ताडून बघितली. आखूड बोल्टचं नाक त्यात बसत होतं. लांबाचं बसत नव्हतं. म्हणजे आखूड बंद भोकात, लांब पाण्याच्या भोकात. हिशेब सरळ होता. पण काल पाण्याच्या भोकातला बोल्ट काढताना पाणी फार लवकर भळभळलं होतं. म्हणजे तो आखूड होता? की तिनंच पाना भरभर फिरवला? मनगट एक सांगत होतं, सुई दुसरं. दोन्ही बोल्ट तळहातावर घेऊन ती उभी राहिली. खात्री नसताना बोल्ट आवळायचा नाही हा तिचा नियम होता. तो कसा केला ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"दे इकडे," सासूबाई दारात येऊन म्हणाल्या.

"आई, आता नको."

"दे म्हणते ना. बिघडवायचं ते बिघडवून झालंय माझं."

त्यांनी स्टुलावर बसून एकेक बोल्ट चिमटीत धरला आणि अंगठ्याचं नख आट्यांवरून सावकाश फिरवलं, खालून वर, वरून खाली. नजर कुठंतरी भिंतीवर.

"या लांब्याच्या आट्यांत काही नाही. आणि हा बारका... याच्या मधल्या आट्यांत काहीतरी राहिलंय. रबरासारखं."

"तुम्ही तर ब्रशनं घासलेत."

"घासले. ब्रशला डोळे नसतात. नखाला असतात."

तिनं बोल्ट उजेडात धरला. काही दिसेना. टाचणीनं कोरलं तेव्हा खसखशीच्या दाण्याएवढा करडा तुकडा निघाला. सीलंट. आट्यांतून पाणी झिरपू नये म्हणून लावतात ते, आणि ते फक्त पाण्याच्या भोकातल्या बोल्टलाच. म्हणजे आखूड बोल्ट पाण्याचा. म्हणजे लांब बंद भोकात. पण सुई म्हणत होती, तो तिथं मावत नाही. चुकीचा घातला आणि जोर लावला तर तडा. सासूची नखं खरी की आपली सुई?

"परत घाल सुई," सासूबाई म्हणाल्या. "मघाशी तळ लागला तेव्हा आवाज नाही आला. धातूवर धातू लागला की वाजतं. तुझी सुई गप बसली."

ती खाली वाकली. सुईच्या टोकाला चिंधी गुंडाळून बंद भोकात फिरवू लागली. चिंधी तांबूस काळी होऊन आली. काल बोल्ट निघाल्यावर पाण्याबरोबर वाहून आलेला गंजाचा गाळ भोकात चिखलासारखा घट्ट बसला होता. ती कोरत राहिली. चिंध्या बदलत राहिली.

"तुला वाटलं ना, मी मुद्दाम केलं," मागून सासूबाई म्हणाल्या.

ती कोरत होती. खोटं बोलायला दोन्ही हात मोकळे लागतात, असं तिचं मत होतं. "वाटलं," ती म्हणाली.

तिनं काळी चिंधी टाकून नवी गुंडाळली.

"नव्हतं केलं. पण तू 'आता काही नाही' म्हणालीस ना, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, चला, राहिलं जायचं. मग त्याचीच लाज वाटली, म्हणून आले बाहेर." सासूबाईंनी पदर बोटाला गुंडाळला. "डोळ्यात सुरी घालतात गं."

"डोळा बधिर करतात, आई."

"तो बधिर होईल. मी नाही ना होणार."

तेवढ्यात सुई दोन नाण्यांएवढी आत सरकली आणि टण् वाजली. दोघींनी ऐकलं.

लांब बोल्ट तिनं आधी नुसत्या बोटांनी फिरवला. पूर्ण आत गेला, डोकं पंपाच्या कानाला टेकलं, कुठं अडला नाही. तिनं तो परत काढला आणि मगच गॅस्केट, म्हणजे मधली फट बुजवणारी पट्टी, लावून पंप बसवला. आखडाला नवं सीलंट लावून पाण्याच्या भोकात घातला. मग आठही बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे, एकाला लाड एकाला दटावणं असं न करता आवळले. शेवटच्या वळणाला तिनं श्वास धरला. कडकन आवाज येईल म्हणून कान तिकडं, आणि डोळे मिटलेले. आवाज आला नाही.

पंप फिरवणारा पट्टा चढवला, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. सीलंटला खरं तर आणखी वेळ द्यायला हवा होता, पण घड्याळाकडं तो नव्हता. गाडीखाली तिनं जुनं वर्तमानपत्र पसरलं. पंधरा मिनिटं. तापमानाचा काटा वर चढत गेला, मध्यावर आला. तिथंच राहतो की पुढं जातो हे बघत ती खिडकीशी उभी राहिली. काटा थांबला. पण गळती काही काट्यात दिसत नाही. तिनं इंजिन बंद केलं, वाकून कागद ओढून घेतला, आणि बघायचं धाडस होईना म्हणून तसाच सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

सासूबाईंनी दोन्ही तळवे कागदावरून फिरवले. मधून कडेला, कडेवरून कोपऱ्यांना. छापखान्यात ताव तपासावा तसे, घाई न करता. तिची नजर त्या हातांवरून हलली नाही.

"कोरडा आहे."

"कोपरेसुद्धा?"

"कोपरेसुद्धा. छापायला चालेल."

सासूबाईंनी कागदाची घडी घातली, मग घडीची घडी, मग तिचीही. आता घालायला घडी उरली नाही. साडेतीन वाजायला आले होते. पिशवी सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली होती.

"चला, आई."

सासूबाई उठल्या नाहीत. हात तेवढा पुढं केला, हवेत चाचपत.

"थांबा, हात धुऊन येते. काळे आहेत."

"मला कुठं दिसतायत?" सासूबाईंनी तिचं मनगट शोधून घट्ट धरलं. "उद्यापासून दिसतील. तेव्हा धू."