ठिगळाखालची नदी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. शहराभोवतीचे किल्ले, रेल्वेचे रूळ आणि बसचे रस्ते माझ्या अंगावर छापलेले आहेत. माझी घडी होती तशी परत घालणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

मला एका शिंप्याने विकत घेतले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर मला कापड बेतायच्या टेबलावर पसरत, गळ्यातल्या टेपने दोन किल्ल्यांमधले अंतर मोजत आणि "यंदा नक्की!" म्हणत. मग कुणाच्या तरी लग्नाचे कपडे आडवे येत आणि माझी रवानगी मशीनच्या खणात होई. तिथे माझ्या शेजारी बटणे होती. बिचारी माझ्या किल्ल्यांच्या गोष्टी ऐकून घेत.

पुढे मास्तरांनी दुकान थोरल्या मुलाकडे सोपवले. थोरल्याकडे गाडी होती. तो आईबाबांना किल्ला दाखवी, पण गाडीच्या काचेतून. "दिसला ना? चला."

एक दिवस मास्तर म्हणाले, "आम्ही दोघं गाडीशिवाय जाणार. एका दिवसात दोन किल्ले."

"बाबा, दूध आणायला गेलात तरी तासभर हरवता."

"हरवत नाही. गप्पा मारतो."

"ठीक आहे. पण मला एक जरी फोन केलात, तर यापुढे माझ्याच गाडीतून फिरायचं. कबूल?"

"कबूल!" मास्तरांच्या आधी बाईच म्हणाल्या. बाई म्हणजे मास्तरांची बायको.

आता माझे दुखणे सांगतो. एक नदी नेमकी माझ्या घडीवरून वाहत होती. घडीबरोबर तीही झिजून गेली आणि तिथे लांबलचक भोक पडले. दुसऱ्या कुणी नवा नकाशा आणला असता. पण मास्तर पडले शिंपी. फाटलेले दिसले की त्यांचे हात शिवशिवत. त्यांनी माझ्या कडेची हिरवी पट्टी कापली आणि रंगाला रंग जुळवून ठिगळ लावले.

"जोड कुठे आहे तेच कळत नाही हो," बाई कौतुकाने म्हणाल्या.

मला कळत होते. पण नकाशाला विचारतो कोण?

पहिला किल्ला झकास झाला. बुरुजावर मला अंथरून दोघे जेवली. माझ्यावर तेल सांडले. मास्तरांनी त्या डागाला तळे समजून "इथेही जाऊ या" असे ठरवले.

दुसऱ्या किल्ल्याच्या बसने आम्हाला थांब्यावर उतरवले आणि ती निघून गेली. माझ्या अंगावर थांब्यासमोर हिरवे मैदान होते आणि मैदानापलीकडे किल्ला. किल्ला जागेवरच होता. मैदानाच्या जागी मात्र नदी होती.

मास्तरांनी नदीकडे रागाने पाहिले, जणू तीच रस्ता चुकली होती.

"अहो, तुमचं मैदान वाहतंय," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, अडकलात ना? येऊ का घ्यायला?"

मास्तरांचा चेहरा पडला. ते आता 'ये' म्हणणार, इतक्यात बाईंनी फोन ओढून घेतला. "फोन तू केलास, आम्ही नाही. ठेव!"

काठावर एक नावाडी तोंड पाडून बसला होता. वारा भरपूर होता, पण त्याचे शीड उभे फाटले होते. मास्तरांनी फाटके शीड पाहिले आणि त्यांचा हात आपोआप कॉलरमागे गेला. तिथे त्यांची सुई नेहमी खोचलेली असे. मास्तर एका टोकाने, बाई दुसऱ्या टोकाने, अशी दोघे शिवत मध्यावर भेटली. शीड फुगले आणि नावाड्याने आम्हाला पलीकडे नेले. किल्ला पाहायला वेळ थोडाच मिळाला, पण भिंतीला हात लावून पाहिला. आणि शेवटच्या बसने दोघे थोरल्याला एकही फोन न करता घरी आली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या ठिगळावर निळ्या दोऱ्याने नदी भरली. होडी म्हणून तिच्यावर एक बटण लावले. इतकी वर्षे खणात किल्ल्यांच्या गोष्टी ऐकून त्यालाही सहल घडली.

मित्रांनो, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना फेकून देऊ नका. फाटलो तर खुशाल ठिगळ लावा. फक्त लावण्याआधी तिथून काय वाहत होते, तेवढे एकदा बघा. आणि थोरला हल्ली रविवारी माझ्याजवळ घुटमळतो. परवा हळूच विचारत होता, "आई, तुमच्या बसमध्ये एक जागा होईल का?"