दाराआडचं सत्त्याण्णव

आमच्या चामोर्शीकडे भावसून भासऱ्यासमोर जात नाई. नवऱ्याचा मोठा भाऊ ज्या खोलीत बसला, तिथून धाकट्याच्या बायकोनं पदर घेऊन निघायचं, अन् बोलायचं ते दाराआडून. ज्यानं हा कायदा केला त्याच्या तोंडात माती पडो.

कोरोनाच्या दुसऱ्या साली माझा नवरा प्रवीण तापानं पडला. तपासणीत कोरोनाच निघाला. गावच्या आशा वर्कर इंदुताई तापाच्या गोळ्या अन् बोटाले लावायची मशीन देऊन गेल्या. म्हणाल्या, "पाणी भरपूर पाजा, पालथं झोपवा. अन् ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली गेला का मले फोन करा. मंग गडचिरोलीलेच न्यावं लागते."

माझे भासरे डोमाभाऊ. त्याच हप्त्यात त्यायच्या पोरीचं, करिष्माचं लगन, मांडव पडलेला. घरातून ॲम्बुलन्स निघाली असती तर नवरदेवाकडचे फिरलेच असते. "मशीनचं मी पाहतो," म्हणाले, "तू सयपाकाचं पाहा." सकाळ-संध्याकाळ ते खोलीत जाऊन बसत. मी दाराआड उभी. आतून आवाज येई, "सत्त्याण्णव." तेच मी इंदुताईले फोनवर सांगे, अन् देवापुढे दिवा लावे.

घरात ताप आहे हे कोणाले दिसू नये म्हणून भासऱ्यायनं माह्या नवऱ्याले गोळीवर गोळी चारली. वरून लवंग-मिऱ्याचा काढा, इतका जहाल का यायच्या जिभेची सालं निघाली. पालथं झोपवलं तर भासरे म्हणे, "मुडद्यावानी काऊन पाडून ठेवलं त्याले?" मी दाराआडून म्हटलं, "यायले दम लागल्यावानी वाटते." तर म्हणे, "तापानं होते तसं. मशीन खोटं बोलते का?"

हळदीच्या दिवशी ते मांडवात गुंतले, तशी मी पेज घेऊन आत गेली. यायचे ओठ जांभळे पडले होते. मशीन तिथीच विसरले होते, ती यायच्या बोटाले लावली, अठ्ठ्याहत्तर. वाटलं बिघडली, म्हणून माह्या बोटाले लावली, तर अठ्ठ्याण्णव.

"दादा... आपल्याच बोटाले... लावते," हे म्हणाले.

"अन् तुम्ही सांगितलं काऊन नाई?"

"करिष्माचं लगन..." पुढे दम पुरला नाई.

शी! सख्ख्या भावाच्या उशाशी बसून आपलं बोट घालत होता हा माणूस. अहो-जाहो केलं इतकी वर्षं, आता जिभेवर येत नाई. मी इंदुताईले फोन लावला. गाडी आली तवा हा हळदीच्या बायांले सांगून राह्यला होता, "काई नाई, मोहाची दारू जास्त झाली त्याले." माह्या नवऱ्यानं जन्मात मोहाचा थेंब घेतला नाई.

गडचिरोलीच्या दवाखान्यात सगळं केलं त्यायनं, ऑक्सिजन लावला, सुया देल्या. डॉक्टरीणबाई एकच म्हणाली, "लवकर काऊन नाई आणलं?" इकडे लगन वाजतगाजत लागलं. तिकडे हे गेले. तोंडही धड पाहू देलं नाई मले.

तेरवीच्या पंगतीत भासरा वरण ओरपत लोकायले सांगत होता, "घरी होता तवरिक सत्त्याण्णव होता. दवाखान्यानं मारला माह्या भावाले." लोकं माना हालवत होते. शेजारचा सुकलू म्हणाला, "म्हणूनच मी बायकोले, सुकरीले घरीच ठेवली. तिलेही दम लागते, पण नेत नाई."

माह्या टाळक्यात आग गेली. दाराआडून निघाली अन् तशीच पंगतीत जाऊन उभी राह्यली.

"ते सत्त्याण्णव तुमच्या बोटाचं होतं," मी म्हटलं. "माह्या नवऱ्याचं अठ्ठ्याहत्तर होतं, अन् तुम्हाले ठाऊक होतं."

भासऱ्यानं पत्रावळीवरची मान उचलली नाई. सुकलू मात्र हात न धुताच फोन काढून घराकडे पळाला. मंग सासू उठली, भागीरथाबाई. मले वाटलं, आता तरी हा बोलणी खाईन. पोटचा पोरगा गेला होता तिचा.

ती माह्याजवळ आली अन् दात-ओठ खात म्हणाली, "भासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं उभी राह्यते? पदर घे आधी."

तिथीच, पंगतीच्या मधात, मी भडभडा ओकली.