बक्षीसपात्र खोकं

आमचे हे खोक्यांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. पुठ्ठ्याला टाचणीएवढं भोक दिसलं, की खोकं बाद. घरीही माझ्या स्वयंपाकापासून शेजाऱ्यांच्या स्वभावापर्यंत सगळ्यांची तपासणी होते आणि पास क्वचितच कुणी होतं.

सूर्यग्रहणाच्या दिवशी वाचनालयाने कुटुंबांसाठी विज्ञान मेळावा ठेवला, उत्तम खोक्याला बक्षीसही. प्रत्येक घराने एक बंद खोकं करायचं, त्याला बारीक छिद्र पाडायचं आणि समोरच्या बाजूला आतून पांढरा कागद लावायचा. सूर्याकडे पाठ करून बाजूच्या खिडकीतून आत बघितलं, की कागदावर चिमुकला सूर्य दिसतो. आमच्या लेकीने त्याचा ध्यासच घेतला होता. तिला स्वतःच्या खोक्यातलं ग्रहण बघायचं होतं.

तिने खोकं केलं. वेडंवाकडं, डिंकाने बरबटलेलं, पण तिचं. सकाळी हे म्हणाले, जरा सफाई आणतो. कडा सरळ झाल्या, काळा रंग चढला. रंग ओला म्हणून लेकीला हात लावायची बंदी.

मैदानात ग्रहण लागलं. बाकीची पोरं आनंदाने ओरडत होती. आमची आत डोकावली, तर मिट्ट काळोख. तिचे डोळे भरून आले. मी खोकं फिरवून बघितलं. छिद्रावर पट्टी चिकटवून वर रंग दिलेला.

"अहो, भोक बुजवलंत?"

"मग काय, तसंच ठेवायचं?" हे म्हणाले आणि मग त्यांचा चेहरा पडला.

मी केसातली पिन काढली, तोवर परीक्षकांनी खोकं उचललंही. त्यांनी कोपरे चाचपले, रंगावरून बोट फिरवलं. आत कुणी बघितलं नाही. पहिलं बक्षीस आमच्या ह्यांना! ह्यांना सगळं माहीत होतं, तरी कॉलर नीट करून बक्षीस घ्यायला गेले. मला भयंकर राग आला.

सूर्याकडे तोंड करायचं नाही म्हणून पाहुणे आणि हे उन्हाकडे पाठ करून उभे. वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण सुरू झालं. लेकीने डोळे पुसले. कुठलीही बारीक फट चालते, असं मेळाव्यातल्या ताईंनी सांगितलं होतं. तिने बोटांवर बोटं आडवी धरली आणि ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर चंद्रकोरीसारखे सूर्य उमटले. पोरांची झुंबड उडाली, टाळ्या पडल्या. आपल्यासाठीच समजून हे मान लववत होते.

भाषण संपलं तेव्हा ग्रहणही सुटलं होतं. बक्षिसाची ढाल घेऊन हे लेकीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "माझं बघायचं राहूनच गेलं गं. तुला दिसलं?"

"दिसलं की, बाबा. तुझ्या पाठीवर."

ह्यांनी मान वळवून वळवून बघितलं. नुसता शर्ट होता.