चवकाकांचं वजन

"उतरा, बाबा. आणि परत चढा."

चवकाका वजनकाट्यावरून उतरले आणि भिंतीला हात टेकून परत चढले. काटा एकशे चारवरच. तीन महिन्यांपूर्वीही तो तिथेच होता.

"हवा खाऊन कोणाचं वजन असं टिकत नाही," मुलगी म्हणाली. "बाहेर काय खाता ते खरं सांगा."

"तुझ्या वहीत आहे तेवढंच."

आणि ते खरं होतं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की नव्वदच्या आत आलात तरच ऑपरेशन. तेव्हापासून मुलगी त्यांचा भात वाटीने मोजत होती. साखर सुटली, तळलेलं सुटलं. गुडघे कुरकुरत असतानाही ते रोज संध्याकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारत. एवढं करून घरात संशयित तेच.

शेवटी मुलीने त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी वही वाचली.

"कामावर काय करता?"

"बिस्किटांच्या कारखान्यात आहे. चव घेतो."

"म्हणजे बिस्किटं खाता?"

"खात नाही हो. दर अर्ध्या तासाला भट्टीतून नवी बॅच येते, तिच्यातल्या एकाची चव घेतो. ते काम आहे."

मुलीने कपाळाला हात लावला. बाईंनी हसू दाबत आकडा काढला. दिवसाला सोळा बिस्किटं, एकेकात चाळीस कॅलरी. सहाशे चाळीस. रोजचं एक अख्खं जेवण, आणि बावीस वर्षांत ते त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. रखवालदार रात्रभर गस्त घालतो, त्याला कोणी फिरायला गेला म्हणतं का? चवकाकांना अजून असंच वाटत होतं, पण बोलायची सोय नव्हती.

"चावा आणि थुंका," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाखाली बादली ठेवली. चार बॅच नीट गेल्या. पाचवीचं बिस्किट चावलं, थुंकलं, कागदावर सही केली. पण जिवाला चैन पडेना. त्याच ट्रेमधलं आणखी एक उचलून त्यांनी कडेपासून मध्यापर्यंत सगळं चावलं आणि गिळलं. जरा वेळाने घशाशी खवटपणा आला. तेल जुनं होतं. ते जिभेला कळत नाही, घशाला कळतं. पट्टा थांबवायला ते लंगडत धावले, तोवर अर्धी बॅच पाकिटांत गेली होती.

साहेबांनी बादलीकडे पाहिलं. "काका, बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात."

"वजनापायी, साहेब. गिळायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मग पॅकिंगला जाता का? तिथे काही खावं लागत नाही."

"तिथे आठ तास उभं राहावं लागतं."

"हो, ते आहेच," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं.

उभं राहायचं तर गुडघे हवेत. गुडघ्यांसाठी वजन उतरायला हवं. वजन उतरवायचं तर ही खुर्ची सोडायला हवी, आणि ती सोडली की उभंच राहायचं. चवकाकांनी असा सगळा फेरा मनात दोनदा मारून पाहिला. मग बादली धुऊन जागेवर ठेवली आणि सहाव्या बॅचचं बिस्किट अख्खं खाल्लं.

संध्याकाळी मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग वही उघडून सकाळचा नाश्ता खोडला. रात्रीचा भात खोडला.

"तिथलं कमी होणार नाही, तर इथलं करायचं. चांगलं नाही हे, बाबा. पण दुसरं काय करू?"

"कर तू."

"गोड आवडतं तरी का तुम्हाला?"

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षापासून नाही."

जेवताना त्यांच्यापुढे काकडीचे काप आणि वाटीभर सूप आलं. मुलगी मान खाली घालून जेवत होती. बायको स्वतःचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"तिकडे कुठे?"

"तुमच्यासमोर घास उतरत नाही हो."

"इथे बस. वासाला कॅलरी नसते."

ती आली, बसली, आणि कोणी हिसकावून घेईल तशी भराभर जेवू लागली.

"सावकाश जेव गं," ते म्हणाले. "मला कुठे जायचंय."

तिचं ताट रिकामं होईपर्यंत ते सुपात चमचा फिरवत राहिले.