देवाच्या घरी जागा

चर्चचं पेज सांभाळायची म्हणून सगळे तिला पेजवाली मावशी म्हणायचे. आजाऱ्याला पाजतात ती पेज नव्हे हो, मोबाइलमधलं पेज! फादरांनी एकच नियम घालून दिला होता : कुणीही काही विचारलं तरी प्रेमाने 'या' म्हणायचं. आणि विचारणार तरी काय? रविवारची मिस्सा-प्रार्थना किती वाजता, गाडी कुठे लावायची, बाप्तिस्म्याला काय आणायचं.

म्हणून भाजी चिरताना कुणा अनोळख्याचा मेसेज आला, "आज देवाच्या घरी यायचं ठरवलंय. माझ्यासारख्याला जागा असेल ना?" तेव्हा मावशीने ओल्या बोटाने ठोकून दिलं, "असणारच! लगेच या. दार उघडंच आहे." वर एक हसरा चेहरा.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "आभारी आहे. भीती गेली. माझ्या आईसाठी प्रार्थना करा."

आईसाठी? मावशीने पहिला मेसेज पुन्हा वाचला आणि तिच्या हातातली सुरी गळून पडली. कपाळ माझं! पोरगा मरायला निघालाय, आणि मी बया त्याला लगेच या म्हणतेय!

"थांब" लिहिलं. वाचेना. फोन लावला. उचलेना. नावाच्या जागी नुसतं एक टिंब, फोटो नाहीच. मावशीने रडत फादरांना फोन केला.

"फादर, मी माणूस मारला हो!"

सगळं ऐकून फादर म्हणाले, "पोलिसांना मी कळवतो. तू त्याला बोलतं ठेव."

"तो वाचतच नाही!"

"मग दिसेल असं काहीतरी कर, बाई!"

मावशी लाइव्ह गेली. पेजवर आजवर वेदी दिसायची, फुलं दिसायची, मावशी कधीच नाही. आता केस विस्कटलेले, नाक लाल. खाली लोकांचं सवयीने सुरू झालं, आमेन, आमेन.

"आमेन गेलं खड्ड्यात!" मावशी ओरडली. "ज्याने आज मला जागा विचारली, त्याने ऐकावं. बाळा, मी चुकले. देवाच्या घरी जागा नाही. दार बंद आहे, कुलूप आहे. येऊ नकोस रे!"

चर्चच्या पेजवर हे! कुणी लिहिलं, शुद्धीवर आहात का? कुणी लिहिलं, बिशपांना कळवा. मावशी घसा फुटेस्तोवर तेच म्हणत राहिली, जागा नाही, जागा नाही.

आणि खाली कमेंटमध्ये ते टिंब उमटलं.

"तिथेही नाही? मग जाऊ कुठे?"

"माझ्याकडे ये!" मावशीने सगळ्या जगासमोर आपला पत्ता सांगून टाकला. "दुसरा मजला. बेल बिघडलीय, दार बडव. आणि ऐकत राहा. मी बोलायची थांबणार नाही. ऐकतोयस ना? काय करतोयस, सांग."

मावशी आपली बोलतेय, काय बोलतेय तिचं तिलाही कळत नव्हतं.

मग आलं. "चपला घालतोय."

"घाल," मावशी हुंदके देत म्हणाली. "घाल बाबा, घाल."