साहेबिणीचा स्क्रू

"पाडा बघू आणखी एक," काकू म्हणाल्या.

मशीनकाकांनी ताटलीतला एक स्क्रू उचलला, हात टेबलाच्या बाहेर काढला आणि स्क्रू सोडून दिला. फरशीवर टिण् आवाज झाला. स्क्रू उड्या मारत उंबऱ्यापाशी जाऊन थांबला. दोघंही अंगणाकडे बघत राहिले. भिंतीच्या सावलीत कोंबडी बसली होती, पिसं फुगवून, मान आत ओढून. तिने डोळासुद्धा उघडला नाही.

"ऐकू आलं नसेल," काका म्हणाले.

"हिला? पलीकडच्या घरात सुई पडली तरी हिला ऐकू येतं."

हे खरं होतं. शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात काकांचं आयुष्य गेलं होतं, म्हणून सगळे त्यांना मशीनकाका म्हणायचे. काम घरीच, अंगणाकडच्या खोलीत. दार सदा उघडं. त्या दारातून ही कोंबडी दिवसातून कितीदा तरी आत यायची, टेबलाभोवती फेरी मारायची, एका डोळ्याने उघडं मशीन बघायची, मान वळवून दुसऱ्या डोळ्याने बघायची आणि काही पसंत नसल्यासारखी निघून जायची. तिचं नाव साहेबीण पडलं ते त्यामुळे.

पुढे काकांची नजर मंदावली. बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा स्क्रू तर मोहरीचा भाऊ शोभेल असा. तो एकदा खाली पडला की काका गुडघ्यांवर, नाक फरशीला. असंच एकदा चाललेलं असताना साहेबीण आली आणि तिने नेमका तो स्क्रू टोचला. काकांनी खूश होऊन तिला दाणा दिला. झालं, सवयच लागली. स्क्रू पडला की ती धावत यायची, तो चोचीत धरायची, दाणा दिसला की टाकून द्यायची. येणाऱ्याजाणाऱ्याला काका हा खेळ करून दाखवायचे. "गिळत नाही का हो?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "छे! तिला कळतं. माणसापेक्षा शहाणी आहे."

आता ते उठून तिच्यापाशी गेले. तिला उचललं, तर तिने पंखही फडफडवले नाहीत. एरवी हात लावला तर केवढा आरडाओरडा करायची.

काकू पाणी आणायला आत वळल्या तेवढ्यात काकांनी खणातलं लोहचुंबक काढलं, दोऱ्याला बांधलं आणि कोंबडीच्या पोटावरून हळूहळू फिरवलं. एका जागी ते किंचित कललं. की त्यांचाच हात हलला? त्यांनी पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. गेल्याच आठवड्यात गल्लीतल्या शिंप्याच्या मशीनचा सुई आवळायचा स्क्रू पडला होता. साहेबीण तेव्हा तिथेच होती, आणि काका दाणा द्यायला विसरले होते, कारण फोन आला होता. स्क्रू मिळाला नाही. त्यांनी दुसरा बसवून दिला आणि विषय डोक्यातून काढून टाकला. तो आता परत येऊन बसला.

काकू पाणी घेऊन आल्या, तेव्हा चुंबक खिशात होतं.

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर सगळे कुत्रेवाले. मध्ये हे दोघं, आणि काकूंच्या मांडीवर टोपलीत साहेबीण. शेजारचा गृहस्थ टोपलीत डोकावून म्हणाला, "हिला आणलंत? दवाखान्यात?" पुढे काहीतरी विनोद करायचा त्याचा बेत होता, पण काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने आपल्या कुत्र्याचे कान कुरवाळायला घेतले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हलक्या हाताच्या. त्यांनी कोंबडीला टेबलावर ठेवलं, पोट चाचपलं, छातीला नळी लावली, चोच उघडून आत बघितलं.

"खाणं कधीपासून बंद आहे?"

"काल संध्याकाळपर्यंत तर ठीक होती हो," काकू म्हणाल्या. "माझ्या मागे मागे फिरत होती."

"तसंच असतं. कोंबड्या आजार लपवतात, मावशी. कळपात दुबळं दिसलं की इतर टोचतात, म्हणून शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारख्या वावरतात. आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो."

"पण आमच्याकडे ही एकटीच आहे," काकू म्हणाल्या. "कुणापासून लपवायचं तिला?"

डॉक्टरीणबाईंनी कोंबडीची पिसं नीट केली. काकांनी घसा साफ केला. "समजा, एखाद्या कोंबडीने लोखंड गिळलं... म्हणजे समजा हं..."

"गिळतात की. त्यांना दात कुठे असतात? खडे गिळतात, ते पोटातल्या एका जाड पिशवीत साठतात. ती पिशवी आवळते, सुटते, आवळते, आणि खड्यांवर दाणे दळले जातात. जातंच म्हणा ना."

"आतल्या आत?" काका सगळं विसरून पुढे झुकले. "आणि ते खडे झिजत नाहीत?"

"झिजतात. मग नवे गिळतात. पण टोकदार वस्तू असेल तर ती पिशवीतून आरपार जाऊ शकते. एक्स-रे काढला असता तर दिसलं असतं, पण आमचं मशीन बंद पडलंय."

"काय झालंय त्याला?" काकांनी लगेच विचारलं.

काकूंनी त्यांच्या बरगडीत कोपर मारलं. डॉक्टरीणबाईंनी पाण्यात घालायचं औषध लिहून दिलं, ऊब द्या म्हणाल्या, आणि दारापर्यंत सोडायला आल्या. दारापर्यंत सोडायला येणारे डॉक्टर काकांना आवडत नसत.

शिलाई मशीनचं लाकडी झाकण उलटं ठेवलं की छान पाळणा होतो. काकूंनी त्यात कापडाच्या चिंध्या पसरल्या, साहेबिणीला ठेवलं आणि पाळणा काकांच्या टेबलापाशी उन्हात सरकवला. चमच्याने औषध पाजलं. निम्मं आत गेलं, निम्मं चिंध्यांवर. मग त्या आत गेल्या, पण कामात लक्ष नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज यायचा आणि मध्येच थांबायचा.

काकांनी शाळेतल्या शिवणबाईंचं मशीन कामाला घेतलं होतं. कापड सरकवणारे दात आणि खालचं शटल पुसून झालं. तेल देऊन त्यांनी चाक फिरवलं, आणि त्या आवाजाला साहेबिणीने मान वर केली. एका डोळ्याने मशीन बघितलं. काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी हाक मारली, "अगं ए, बाहेर ये! बघ, उठतेय!" काकू ओल्या हातांनी धावत आल्या. तोवर तिने मान पुन्हा खाली ठेवली होती. काकांनी चाक आणखी फिरवलं, जोरात फिरवलं, उलटसुलट फिरवलं. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पुरे," त्या म्हणाल्या. "गेली ती."

काकांना रडू आलं नाही. ते नंतर, अंगणात खणताना आलं. नळापाशी एक जागा होती, तिथे साहेबीण दुपारी मातीत लोळून अंघोळ करायची आणि तिथे तिच्या आकाराचा खड्डाच पडला होता. काकांनी तोच खोल केला. अर्ध्यात थांबून त्यांनी बाहीने नाक पुसलं आणि आत आले.

"पुरायच्या आधी उघडून बघू," ते म्हणाले.

"मुळीच नाही."

"कशाने गेली ते कळायला नको?"

"कळून काय करणार आहात? परत सुरू होणार आहे का ती?" काकूंचा आवाज चढला. "दिसेल ते उघडायचं! घड्याळ झालं, रेडिओ झाला, माझ्या माहेरचं मशीन झालं..."

माहेरच्या मशीनचा उल्लेख आला की भांडण वितळायचं, असा आजवरचा अनुभव. लग्नाआधी ते मशीन एका खेपेत दुरुस्त होण्यासारखं होतं, पण काका पुन्हा पुन्हा आले होते, दर खेपेला काहीतरी नवीन उघडून ठेवून गेले होते, आणि शेवटी काकूंच्या वडिलांनीच विचारलं होतं की बाबा रे, तुझा विचार तरी काय आहे. आज मात्र काही वितळलं नाही. काकू पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"घाबरतेस कशाला?" काकांनी विचारलं. "रक्त बघवत नसेल तर आत जा."

"माझी सुई निघाली तर?"

"तुझी सुई?"

"परवा जाड कापड शिवताना मोडली. टोक कुठे उडालं ते दिसलंच नाही. मी तशीच केर काढला आणि अंगणात टाकला." त्या वळल्या. डोळे भरून वाहत होते. "आणि ही तो केर उकरत होती. मी बघत होते. म्हटलं, उकरू दे. चांगली करमणूक होतेय तिची."

काका टेबलाशी बसले. त्यांनी खिशातून चुंबक काढलं, दोरा बोटाला गुंडाळला, सोडवला.

"माझा स्क्रू निघाला तर?" ते म्हणाले.

मग त्यांनी शिंप्याच्या स्क्रूचं सांगितलं, फोनचं सांगितलं, चुंबक कसं कललं ते सांगितलं. काकूंनी पदराने डोळे पुसत सगळं ऐकलं.

"म्हणजे दवाखान्यात 'समजा समजा' चाललं होतं ते हे!"

"तू तरी कुठे बोललीस?"

पाळण्यात साहेबीण पडली होती, तिचं आता कुणाकडेच काही मागणं नव्हतं. शेवटी काकू उठल्या, टेबलावरचं मशीन त्यांनी बाजूला सरकवलं आणि स्वच्छ फडकं अंथरलं.

"उघडा," त्या म्हणाल्या. "मी इथेच थांबते. कुणाचं निघतं ते दोघं मिळून बघू."

काकांनी नवं ब्लेड घेतलं. आजवर घरात कोंबडी आली ती दुकानातून साफ होऊनच, त्यामुळे कुठून सुरुवात करायची इथपासून अडचण. पण हात कामाला लागले की काकांचं डोकं शांत व्हायचं. त्यांनी पोटाखालची पिसं बाजूला केली आणि सावकाश, सरळ रेघेत कापत नेलं.

आत बघायला ते वाकले. काकूही वाकल्या, आणि नको नको म्हणणाऱ्या काकूंनीच दिवा ओढून जवळ आणला.

पाठीच्या कण्याला लागून पिवळ्या गोळ्यांचा घोस होता. एक चांगला मोठा, पुऱ्या बलकाएवढा. त्याच्यामागे जरा लहान, मग आणखी लहान, वाटाण्याएवढे, मोहरीएवढे, आणि त्यांच्याही मागे नुसते ठिपके.

"अगं बाई," काकू हळूच म्हणाल्या. बोट न लावता त्या एकेकाकडे दाखवत गेल्या. "हे उद्याचं. हे परवाचं. हे तेरवाचं..."

"सगळी तयारी करून ठेवली होती की हिने," काका म्हणाले.

जाड पिशवी सापडली. दाबून बघितली तर टणक. बाहेरून कुठे भोक नाही, ओरखडा नाही. काकांनी ती चिरून एका रिकाम्या ताटलीत उपडी केली. वाळू निघाली, बारीक खडे निघाले, निळ्या काचेचा गुळगुळीत तुकडा निघाला. सुई नव्हती. शिंप्याचा स्क्रूही नव्हता. पण खड्यांमध्ये एक लोखंडाचा थेंब होता, चकचकीत, मण्यासारखा. काकांनी तो चिमट्याने उचलून चष्म्यापाशी नेला. आटे सगळे घासून गेले होते. एका बाजूला डोक्यावरची खाच पुसटशी उरली होती, म्हणून ओळखू आला.

"बॉबिन केसचा आहे. पण बघ, किती झिजलाय. हा आजकालचा नव्हे, कधीचा आत होता." त्यांनी तो तळहातावर घेतला. "लोखंड दळत बसली होती गं ही! आणि अंडी देत होती, मला स्क्रू शोधून देत होती, आणि वर माझं काम तपासायला येत होती."

"मग गेली कशाने?"

मणी ताटलीत ठेवून काकांनी दिव्याखाली पुन्हा सगळं न्याहाळलं. काळसर, गुलाबी, पिवळं, एकात एक बसवलेलं. कुठला भाग बिघडलाय आणि कुठला असाच असतो, हे त्यांना कळत नव्हतं. आजवर उघडलेल्या वस्तूचं दुखणं त्यांना कळलं नाही असं क्वचितच झालं होतं.

"नाही समजत मला," ते म्हणाले. "सुईने नाही, स्क्रूने नाही. एवढंच कळलं."

काकूंनी मोठा श्वास सोडला. मग काका फडकं गुंडाळायला लागले, तशी काकूंनी त्यांचा हात धरला.

"हे काय? उघडीच पुरणार? गिऱ्हाइकाला मशीन असं परत देता का तुम्ही?"

काका खजील झाले. हा त्यांचाच नियम होता. दुरुस्त होणार नाही असं मशीनसुद्धा ते पुसून, तेल देऊन, सगळं जागच्या जागी बसवून, झाकण लावून परत द्यायचे. काम संपलं की ताटलीत एकही स्क्रू उरता कामा नये. उरला तर काम संपलेलं नाही.

त्यांनी सगळं जसं होतं तसं आत ठेवलं. काकूंनी आतून रिळांचा डबा आणला. तपकिरी रिळं एकेक करून पिसांना लावून बघितली. एक फिकं, एक लालसर. तिसरं बरोबर जुळलं.

"मातीत कोण बघणार आहे?" काका म्हणाले.

"मी बघतेय ना."

त्यांनी सुई ओवली आणि बारीक टाके घालायला सुरुवात केली. काका दोन्ही हातांनी कापलेल्या कडा जुळवून धरून होते. थोडीशी जागा शिल्लक राहिली तेव्हा ते म्हणाले, "थांब जरा."

ताटलीत तो मणी पडला होता. काकांनी तो चिमट्याने उचलला, शर्टाला पुसला, आणि राहिलेल्या जागेतून आत, खड्यांमध्ये ठेवून दिला. काकूंनी सुई पुन्हा चालवायला घेतली. उरलेले टाके घातले, गाठ मारली आणि धागा कापला.

ताटली रिकामी होती.