फेसाची वाटी

विजयमालानं स्टुलावर चढून उंच नळीच्या डोक्यावरची वाटी दोन्ही हातांनी अलगद उचलली. खाली एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं स्टूल धरून उभ्या असलेल्या तिच्या वडिलांना, भिवाजींना, दम निघेना.

“रंग?”

“उतरू तर द्या, बाबा.”

“वरूनच सांग.”

“काळा. कोऱ्या चायपेक्षा काळा.”

भिवाजींनी आनंदानं काठी अशी आपटली, की स्वयंपाकघरातून त्यांच्या थोरल्या बहिणीनं, भागिरथाबाईंनी, काय पडलं म्हणून विचारलं. काहीच पडलं नव्हतं. रात्रभरात जमलेलं घाण पाणी वाटीतून खाली आलं होतं आणि त्याचा वास घरभर सुटला होता. अत्तराच्या दुकानात शिरलेल्या माणसाचाही चेहरा एवढा फुलत नसेल.

मुंबईच्या एका मत्स्यालयात आयुष्यभर टाक्या घासून भिवाजी जऊळक्याला परतले, ते मोडका गुडघा आणि समुद्र घेऊन. समुद्र म्हणजे एक काचेची टाकी. तिच्यात पोवळ्याचा एक जिवंत दगड, एक समुद्रफूल आणि त्या फुलाच्या बोटांत घर करून राहिलेले दोन नारिंगी मासे. पाणीसुद्धा मुंबईचंच, डब्यांत भरून रेल्वेनं आणलेलं. गाव आधी पोट धरून हसलं, मग एकेक जण येऊन टाकीत बोट बुडवून चाखून गेला. खारट लागलं तेव्हा कुठे गावाचा विश्वास बसला. टाकीतलं सगळं काम विजयमाला वडिलांच्या हाताखाली शिकली होती. लाइट गेली की सायकलच्या पंपानं माशांना हवा मारत बसायचीही तीच. स्टुलावर चढणं भिवाजींना डॉक्टरनं आणि गुडघ्यानं, दोघांनीही बंद केलं होतं.

हे पाणी बिघडलं ते केनवडची मंडळी विजयमालाला पाहायला आली त्या दिवशी. मुलाच्या मामांना मासे दिसले, आणि डोहाच्या काठी बसल्यासारखं त्यांनी आपल्या ताटलीतली बुंदी मूठभर टाकीत सोडली. पाहुणे, त्यातून मुलाकडचे. हात कोण धरणार? भिवाजींना घाम फुटला. मुलगा मात्र उठला. जगदेव त्याचं नाव, कारंज्याच्या एसटी डेपोत नोकरीला. त्यानं बाह्या सारल्या, विजयमालानं चहाची गाळणी पुढे केली, आणि बाकीची मंडळी शेतीवाडीच्या गप्पा मारत असताना तो एकेक दाणा वेचत बसला. “ह्याईले खरं म्हणजे काय खायले देता?” एवढंच त्यानं तिला विचारलं. पण भिवाजींना त्या दिवसातली फक्त बुंदी आठवत होती.

दाणे निघाले तरी साखर पाण्यात विरघळून गेली होती. टाकी गढूळ झाली, समुद्रफूल मुठीसारखं मिटलं. नवं पाणी आणायचं तर पुन्हा मुंबई. तेव्हा भिवाजींनी आपल्या जुन्या जोडीदाराला, रामसिंगला, पत्र टाकलं. रामसिंग अजून मत्स्यालयातच होता. रजेवर तांड्याला येताना त्यानं एका दुकानातून दोन फेसनळ्या जाकड आणल्या. पसंत पडेल ती ठेवायची, दुसरी रजा संपताना परत.

फेसनळीचं गणित सोपं. वरणाची डाळ उकळताना मळ फेसावर येतो आणि बायका तो पळीनं काढून टाकतात, तसंच हे. नळीत खालून हवा सोडायची. बारीक बुडबुड्यांना चिकटून पाण्यातली घाण वर चढते, फेस होऊन वाटीत सांडते. एक नळी टाकीशेजारी उभी राहणारी, पार आढ्याला टेकायला आलेली. दुसरी बुटकी, टाकीच्या काठाला अडकवायची. किंमत दोघींची सारखीच. आधी बुटकी चालवून पाहिली, मग उंच. बुटकीनं फिक्कट पाणी काढलं. उंच नळीनं काळं काढलं आणि समुद्रफुलानं बोटं उघडली. मासे परत घरी राहायला गेले.

“नाकापेक्षा मोती जड,” भागिरथाबाई उंच नळीकडे पाहून म्हणाल्या होत्या.

“उंचच ठेवा, बाबा,” विजयमालानं जेवताना निकाल दिला होता. “दुसरी म्हणजे पोरखेळ हाये.”

हे चार दिवसांपूर्वीचं. त्या बाबतीत तिचं तोंड चालत होतं. केनवडच्या बाबतीत मात्र ती ताकास तूर लागू देत नव्हती. “तुया तोंडून आल्याबिगर मी शब्द देनार नाई,” असं भिवाजींनी तिला सांगितलं होतं, आणि आता त्यांनाच वाटू लागलं होतं की आपण हे सांगायला नको होतं. मध्यस्थ उकंडराव दर बाजाराला भागिरथाबाईंना गाठून विचारत होते. भागिरथाबाई भावाला विचारत होत्या. भाऊ माशांना खायला घालत होता.

रजा संपली, तसा दुपारच्या गाडीच्या आधी रामसिंग नळी न्यायला आला. त्यानं “जयभीम” घातला, भिवाजींनी “राम राम” केला, आणि दोघं टाकीपुढे उभे राहिले.

“काहो भाऊ, फूल तं पार बशीएवढं झालं.”

“झालं ना! काल तं मासा त्यात दिसेना. मी म्हटलं, गेला. पाह्यतो तं लेकाचा आत झोपलेला.”

भिवाजींना किती सांगू आणि किती नको असं झालं होतं. रामसिंगनं पेंढा भरलेलं खोकं उघडलं तसे ते स्वतःच बुटकी नळी पोत्यात गुंडाळायला बसले. चहाचे कप ठेवायला आलेली विजयमाला तिथेच थांबली.

“ते नाई, बाबा. उंच द्या वापस.”

भिवाजींचा हात थांबला.

“काहून?”

“बुटकी पुरते.”

“पोरखेळ म्हने कोन? पाह्य रामसिंग, हे पोट्टी चार दिवसांआधी—”

“तुमी दिवसातून चारदा खायले टाकता,” ती म्हणाली. “एकदाच टाका. मंग तितली घानच होत नाई.”

“पोरीच्या बोलन्यात दम हाये,” रामसिंग म्हणाला. “पन भाऊ, उंच ते उंच.”

“तेच तं सांगून राह्यलो मी.” भिवाजींचा आवाज चढला. “काळं पानी काढते ते. पुन्हा कोनी बुंदी टाकली तं हे बुटकी काय करन?”

विजयमालानं पोत्यातून बुटकी नळी सोडवली आणि टाकीच्या काठाला होती तशी अडकवली. मग भिंतीशी असलेली बाज ओढून टाकीजवळ आणली.

“बसा इथी.”

“कायले?”

“बसा तं.”

ते बसले. काठी गुडघ्याशी टेकवली.

“काढा वाटी.”

वाटी त्यांच्या छातीसमोर होती. एका हातानं धरली, जराशी फिरवली, निघाली.

“निघाली?”

“निघाली. त्यात काय हाये?”

“मंग झालं,” ती म्हणाली. तिनं उंच नळीशेजारचं स्टूल उचललं आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवलं.

भिवाजी रिकामी वाटी हातात घेऊन बसून राहिले. स्टूल होतं तिथे जमिनीवर चार पायांचे चार ठसे उमटले होते. त्यांनी ते पाहिले, मग आढ्यापर्यंत गेलेल्या नळीकडे मान वर करून पाहिलं. रामसिंग काहीतरी बोलायला गेला आणि त्यांचा चेहरा बघून त्यानं कप तोंडाला लावला.

भिवाजींना फार आनंद झाला. इतका, की उठून कुणाला तरी सांगावं असं वाटलं. आणि त्याच वेळी पोरीविना घर कसं वाटेल तेही कळलं. दोन्ही एकाच छातीत मावेनात, तेव्हा ते उगाच खोकले.

“ने रे बाबा उंच नळी,” ते रामसिंगला म्हणाले. “सांभाळून ने. चांगली हाये.”

दोघांनी मिळून ती पेंढ्यात निजवली. रामसिंग खोकं डोक्यावर घेऊन स्टेशनाकडे गेला.

“बाई,” भिवाजींनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. “उंद्या बाजारात उकंडराव भेटन ना?”

भागिरथाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. “भेटनच. काय सांगू त्याले?”

“पाहुन्याईले घेऊन या म्हना. तारीख काढू. आन् त्या मामाले म्हना, बुंदी बाहेरच खा.”

भागिरथाबाईंनी भावाकडे पाहिलं, मग पडवीकडे. पडवीत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाजी बाजेवर बसले आणि त्यांनी वाटी काढली. चुलीपुढे बसलेल्या विजयमालानं तिथूनच विचारलं,

“बाबा, रंग?”

वाटीत फिक्कट पिवळं पाणी होतं. तळही दिसत होता.

“काळा,” भिवाजी म्हणाले. “कोऱ्या चायपेक्षा काळा.”

आणि ती उठून बघायला येण्याच्या आत काठी टेकत टेकत ते अंगणात गेले आणि वाटी कुंपणाशी रिकामी करून आले.